फोर-लो टाकलंय ना? मग पाय गप्प ठेवा! लो गिअरमधल्या या चुका टाळा

जुलैचा दुसरा आठवडा होता. मावळात भातलावणी ऐन भरात आणि मी जुनी जिप्सी घेऊन एका पाणंदीच्या चढावर अडकलेलो. चढ तरी केवढा, दोन पुरुष उंचीचा. फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा, सगळ्यात सावकाश गिअरचा टप्पा) टाकलेलं, पहिला गिअर पडलेला. ऐकीव ज्ञानाप्रमाणे सगळं बरोबर. तरी गाडी हातभर पुढे सरकायची, गचका खायची आणि एक पुढचं, एक मागचं चाक जागच्या जागी गरगरायला लागायचं. मी आणखी रेस द्यायचो. पाच मिनिटांत क्लचचा जळका वास आला. हा वास एकदा नाकात बसला की जात नाही.

शेजारच्या खाचरात एक मामा ट्रॅक्टरने चिखलणी करत होते. त्यांनी ट्रॅक्टर थांबवला, बांधावरून चालत आले, खिडकीतून माझ्या पायांकडे बघितलं आणि म्हणाले, "सायेब, लो टाकलाय ना? मग पाय काढा त्याच्यावरनं. जाऊ द्या तिला तिच्या तिनं."

गाडी मागे सपाटीवर घेतली. पहिला टाकला, क्लच पूर्ण सोडला आणि दोन्ही पाय खाली टेकवले. जिप्सी गुरगुरत, माणसाच्या चालीने, एकदाही न घसरता वर गेली. मी आभार मानायला मागे वळलो तर मामा ट्रॅक्टरवर चढूनही बसले होते.

ट्रॅक्टर चालवणाऱ्याला लो-हायचा दांडा रोजचा. आपण तो पावसाळ्यात दोनदा हलवतो आणि हलवल्यावर डांबरी रस्त्यावरच्याच सवयीने पाय चालवत राहतो. गेली काही वर्षं शनिवार-रविवारी रुतलेल्या गाड्या ओढायला मदत करतोय. त्यात गाडीचा दोष क्वचित, चालवणाऱ्याच्या पायांचा बहुतेक वेळा.

आधी थोडा हिशेब

फोर-लोने इंजिन ताकदवान होत नाही. ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे गिअरबॉक्सचा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीत, गिअरची आणखी एक जोडी मधे येते. चाकं तेवढ्या पटीने सावकाश फिरतात आणि त्याच पटीने त्यांच्यावरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो.

मॅन्युअल जिम्नीचं उदाहरण घेऊ. पहिल्या गिअरचं प्रमाण साधारण ४.४, डिफरन्शियलचं (एक्सलवरच्या शेवटच्या गिअरचं) ४.१ आणि लो रेंजचं २. तिन्हींचा गुणाकार ३६. म्हणजे इंजिनचे ३६ फेरे झाले की चाकाचा एक. आयडलला (रेस न देता) इंजिन मिनिटाला ८०० फेऱ्यांवर असेल तर १९५/८० आर १५ टायरवर ही गाडी ताशी सुमारे ३ किलोमीटरने चालते. फोर-हायच्या (जोर चारही चाकांना, पण गिअर नेहमीचेच) पहिल्यात तीच गाडी आयडलला ताशी ६ च्या आसपास जाते. कोपराएवढ्या दगडावर चाक चढवताना हा फरक फार मोठा असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या ट्रान्सफर केसचं लो प्रमाणही १.९७ होतं, जिम्नीच्या आकड्याच्या अगदी जवळ.

याच हिशेबातून आणखी एक गंमत निघते. जिम्नीचा दुसरा गिअर २.३ चा. लोमध्ये तो ४.६ होतो, म्हणजे जवळजवळ हायमधला पहिलाच. त्यामुळे 'हायच्या पहिल्यात चढली नाही, आता लोच्या दुसऱ्यात बघू' असं म्हणणारा फिरून त्याच जागी येतो. खरा फरक लोच्या पहिल्यात आहे.

हाफ क्लच

घाटातल्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरायची सवय आपल्या हाडात मुरलेली. हायमध्ये पहिला गिअरसुद्धा दगडांसाठी जोरात धावतो, म्हणून तिथे क्लच घसरवत वेग कमी करावा लागतो. लोमध्ये ते काम ट्रान्सफर केस करतेय. तरीही पाय अर्ध्यावर राहिला तर गाडी पुढे जाणार ती घसरणाऱ्या क्लच प्लेटवर. वास आला म्हणजे प्लेट आधीच तापलेली आहे. तेव्हा अर्धा तास थांबायचं, 'एवढा चढ काढू आणि मग थांबू' हे नाही.

उपाय मामांचाच. गाडी सुरू करताना क्लच सोडायला एकच सेकंद, आणि मग डावा पाय पेडलपासून पूर्ण लांब. पेडलवर नुसता 'ठेवलेला' पायसुद्धा नको. दगडावर गाडी उसळली की तो आपसूक दाबला जातो. एक्सलरेटरवरच्या पायाचंही तेच होतं: गाडी हलते, पाय हलतो, रेस कमीजास्त होते आणि त्याने गाडी आणखी उसळते. बुटाची कड पेडलशेजारच्या बाजूच्या पत्र्याला टेकवून ठेवली की हे थांबतं.

याच्या उलट चूकही आहे: लो टाकायचंच नाही. "एवढ्याशासाठी काय फोर-लो?" म्हणत हायमध्ये क्लच जाळणारे मी लो चुकीचं वापरणाऱ्यांपेक्षा जास्त पाहिलेत. माणसाच्या चालीपेक्षा हळू जावं लागणार असेल तर तिथे लोच टाकायचं, लाजायचं कारण नाही.

सगळीकडे पहिलाच

दगड, पायऱ्यांसारखा कातळ, खोल चर, अवघड वळणाचा उतार, इथे लोचा पहिला. पण चिखलात तोच पहिला गिअर घात करतो. टॉर्क एवढा असतो की जराशी रेस दिली तरी टायर पकड सोडतं आणि तिथेच खड्डा खणत बसतं.

मराठवाडा-विदर्भातली काळी माती ज्यांनी पावसात पाहिलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको. दहा फेऱ्यांत टायरच्या खाचा भरून टायरचा गुळगुळीत गोळा होतो. ती माती बाहेर फेकायला चाकाला थोडा वेग लागतो आणि तो पहिल्यात मिळत नाही. तिथे लोचा दुसरा किंवा तिसरा, एकसारखी रेस, आणि मध्ये थांबायचं नाही. कोकणातल्या जांभ्याच्या रस्त्यावर, वर शेवाळ आणि खाली टणक दगड असेल, तर पुन्हा सावकाशीच बरी. माती बदलली की गिअर बदलतो, हे जिल्हा ओलांडताना लक्षात ठेवावं.

वाळूतही पहिला नको. दुसरा-तिसरा आणि टायरची हवा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरवलेली. हवा उतरवल्याने जे काम होतं ते कुठल्याच गिअरने होत नाही. मात्र डांबरावर येताच हवा परत भरायची. (आणि वाळू म्हटलं की लगेच समुद्रकिनारा आठवत असेल तर विसरा. गोव्यात किनाऱ्यावर गाडी न्यायला बंदी आहे आणि कोकणातही पोलीस गुन्हे दाखल करतात. भरतीच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला कुठलाही लो गिअर बाहेर काढत नाही.)

गिअर चढाच्या पायथ्याशी ठरवायचा. लोमध्ये गाडीला जोर असतो, पण गती साठलेली नसते. मध्यावर क्लच दाबून दुसरा टाकेपर्यंत ती थांबलेली असते आणि पुढच्या क्षणी मागे यायला लागते.

उतारावर क्लच दाबणं

आता या सगळ्यातली सगळ्यात वाईट चूक, आणि ती अनुभवी माणूसही करतो. गाडी लोच्या पहिल्यात उतरतेय, वेग जरा जास्त वाटला, माणूस घाबरतो आणि रस्त्यावरच्या सवयीने ब्रेकबरोबर क्लचही दाबतो. त्या क्षणी इंजिनने धरून ठेवलेली गाडी मोकळी सुटते.

गाडी सुटते हा धोका सगळ्यांना कळतो. दुसरा दिसत नाही. क्लच दाबला की इंजिन वेगळं होतं, पण क्लच प्लेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर असते आणि चाकं तिला फिरवत राहतात. मघाचा ३६ चा आकडा इथे उलटा लागतो. समजा गाडी ताशी ४० पर्यंत गेली. चाकं मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे घेतायत, म्हणजे क्लच प्लेट ११,००० च्या वर. इंजिन तेवढ्यात आयडलला ८०० वर शांत असतं, टॅकोमीटरचा काटा खाली असतो, आवाजही काही नसतो. एवढ्या फेऱ्यांसाठी ती प्लेट बनवलेलीच नाही. तिचं अस्तर सुटून आत चिंध्या होऊ शकतात. आणि घाबरून त्याच वेगात क्लच सोडला तर ते ११,००० इंजिनच्या वाट्याला येतात. व्हॉल्व्ह वाकण्यापासून पुढे काहीही होऊ शकतं.

म्हणून उतारावर लोमध्ये डावा पाय पेडलवर नाहीच. वेग वाढतोय असं वाटलं तर फक्त ब्रेक, हलका. जोरात दाबल्याने इंजिन बंद पडलं तर पडू दे. गाडी गिअरमध्येच आहे, जागेवर उभी राहील. चुकून क्लच दाबला गेलाच तर आधी ब्रेकने गाडी अगदी मंद किंवा पूर्ण उभी करायची, मगच क्लच सोडायचा.

ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे: ज्या गिअरने घाट चढाल त्याच गिअरने उतरा. लोमध्येही तो चालतो, फक्त एक अपवाद धरून. ओलं गवत किंवा निसरडा चिखल असेल तर पहिल्या गिअरची धर जरा जास्तच होते. चाकं सावकाश फिरतात, गाडी मात्र घसरत त्यांच्यापुढे जाते आणि मागची बाजू आडवी यायला लागते. अशा वेळी ब्रेक दाबावासा वाटतो. तो दाबायचा नाही. स्टिअरिंग उताराच्या दिशेला सरळ आणि किंचित रेस, चाकांचा वेग गाडीच्या वेगाशी जुळेपर्यंत. पहिल्यांदा करताना हात थरथरतात. सपाटीजवळच्या छोट्या उतारावर सराव करून ठेवावा.

ऑटोमॅटिक असेल तर लिव्हर डी-मध्ये ठेवून उतरू नका, ती वरचे गिअर टाकत जाते. मॅन्युअल मोडमध्ये पहिला धरून ठेवायचा.

चढावर बंद पडली

इथे गाड्या उलटतात. गाडी मध्यावर बंद पडते, ब्रेकवर भरवसा नसतो, माणूस ती आडवी वळवून खाली आणायला बघतो. तीव्र चढावर गाडी आडवी कधीच करायची नाही. जशी वर गेली तशीच, सरळ रेषेत, उलटी खाली आणायची.

पायाने ब्रेक घट्ट दाबून धरा. पंप करू नका. इंजिन बंद असताना ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरतीच मदत शिल्लक असते. मग क्लच दाबून लोमध्येच रिव्हर्स टाका आणि इंजिन बंद असतानाच क्लच पूर्ण सोडा. आता गाडी इंजिनने धरलेली आहे. हँडब्रेक ओढा, श्वास घ्या, मागे कोण उभं आहे ते बघा, त्यांना लांब पाठवा. जुन्या जीप-जिप्सीत यापुढे क्लच न दाबता नुसती चावी फिरवली की स्टार्टरच गाडी हलवतो, इंजिन पकडतं आणि ती उलटी, सावकाश उतरायला लागते. नव्या बहुतेक गाड्या क्लच दाबल्याशिवाय सुरू होत नाहीत. तिथे पायाचा ब्रेक पूर्ण दाबून ठेवूनच क्लच दाबायचा, इंजिन सुरू करायचं, क्लच पूर्ण सोडायचा आणि शेवटी ब्रेक हळूहळू. क्रम उलटा झाला की गाडी मोकळी सुटते.

डांबरावर फोर-लो, आणि अडकलेला दांडा

सोमवारी गॅरेजमध्ये ऐकू येणारी तक्रार: "फोर-लो निघतच नाही." दांडा अडकलेला, स्टिअरिंग जड, वळताना गाडी कोणी मागून ओढतंय अशी गचके देतेय. गिअरबॉक्स गेला असं वाटतं, पण बहुतेक वेळा काही गेलेलं नसतं.

जिप्सी, थार, जिम्नी, गुरखा या जातीच्या गाड्यांत फोर-व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) नसतो. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची छोट्या. हा फरक मातीवर टायर जरासं घसरून मोकळा करतं. कोरड्या डांबरावर ते घसरत नाही. सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या दातांमध्ये साठत जातो. दांडा निघत नाही तो याच पिळामुळे. पावसात घाटाच्या ओल्या डांबरावर 'सेफ्टी म्हणून' फोर-हाय टाकून जाणाऱ्यांचंही हेच होतं, जरा उशिराने.

दांड्याला लाथ मारू नका. सरळ रेषेत पाच-दहा मीटर गाडी मागे घ्या, पीळ उलटा सुटतो आणि दांडा दोन बोटांनी येतो. नाहीच आला तर रस्त्याकडेच्या मुरमावर चारही चाकं घेऊन तेच करा. सरळ रस्त्यावरही पीळ साठत असेल तर टायर तपासा. पुढे झिजलेले, मागे नवे असले तर घेरातला फरकच पीळ निर्माण करतो. सेंटर डिफरन्शियल असलेल्या गाड्यांना हा त्रास नाही, अर्थात तो लॉक करून डांबरावर फिरवला नाही तर.

दांडा पडतच नाही, किंवा पडतो आणि काही होत नाही

लो टाकताना करकर आवाज आला तर गाडी अजून चालतेय. बहुतेक गाड्यांना यासाठी पूर्ण थांबावं लागतं, क्लच दाबून किंवा ऑटोमॅटिकला न्यूट्रलमध्ये. थांबूनही पडत नसेल तर दात समोरासमोर आलेत. क्लच जरासा सोडून पुन्हा दाबा, किंवा गाडी हातभर पुढे जाऊ द्या. बटणाच्या गाडीत डॅशबोर्डवरचा दिवा लुकलुकत असेल तर काम अर्धवट आहे. दिवा स्थिर होईपर्यंत निघायचं नाही.

जुन्या गाड्यांच्या पुढच्या चाकांवरचे हब (चाक एक्सलला जोडणारे खटके) हाताने लॉक करावे लागतात, आणि हे विसरणं महाग पडतं. आत दांडा लोमध्ये, बाहेर हब फ्री. पुढची चाकं नुसती सोबत फिरतात आणि तो दुप्पट झालेला सगळा टॉर्क एकट्या मागच्या एक्सलवर येतो. मागचं चाक अडलं असेल आणि वर रेस दिली असेल तर एक्सल शाफ्ट तुटतो. चिखलात शिरण्याआधीच खाली उतरून दोन्ही हब फिरवा. आत गेल्यावर ते चिखलाखालीच सापडतात.

हाय आणि लो यांच्या मध्ये बऱ्याच गाड्यांत न्यूट्रल असतं. दांडा तिथे राहिला तर मुख्य गिअर पहिला असो वा ऑटोमॅटिकचा पी, गाडीचा चाकांशी काही संबंध उरत नाही. उतारावर 'गिअरमध्ये लावलेली' गाडी घरंगळली, असं कोणी सांगितलं की आधी हा दांडा बघावा. म्हणून हँडब्रेक आणि चाकाखाली दगड, दोन्ही.

उतारावर लो आपोआप उडून न्यूट्रलमध्ये येत असेल तर मात्र दांडा हाताने धरून पुढे जायचं नाही. ब्रेक मारून थांबा, तो उतार त्या दिवशी सोडा आणि मिस्त्रीला शिफ्टर फोर्क आणि इंजिन-गिअरबॉक्सचे माउंटिंग बघायला सांगा.

घरी परतताना

डांबर लागताच फोर-लो काढा, हब फ्री करा. ताशी पन्नासलाच इंजिन किंचाळत असेल तर लो तसंच राहिलंय. बऱ्याच गाड्या लोमध्ये ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा) स्वतःहून बंद करतात, त्यामुळे ओल्या वळणावर ती मदतही मिळत नसते. ओढा ओलांडला असेल तर दुसऱ्या दिवशी डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केसचा प्लग उघडून तेल बघा. दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, लगेच बदला. आणि महिन्यातून एकदा मोकळ्या मातीवर शंभर पावलं लो टाकून चालवा. वर्षभर न हललेला दांडा नेमका पहिल्या पावसात हट्टाला पेटतो.